अंजूच्या लग्नाचा मूळ आवाज

पुणे
१० फेब्रुवारी २०२५

ती. भागवतकाका,
सा. नमस्कार.

काल फोनवर तुम्ही जे सांगितलंत ते मी क्रमाने लिहून काढलं आहे. चूक असेल तिथे दुरुस्त करा.

१. मालेगावच्या तुमच्या स्टुडिओतलं मिक्सिंगचं सॉफ्टवेअर जानेवारीत सुरू होईनासं झालं.
२. वाशीमहून संगणक दुरुस्त करणारा मुन्ना आला. त्याने जुनं व्हर्जन काढून नवीन टाकलं.
३. नवीन व्हर्जनवर तुम्ही या मोसमातली दोन लग्नं केली. अडचण आली नाही.
४. गेल्या आठवड्यात अंजू राठोड दुकानात आल्या. त्यांच्या लग्नाचं शूटिंग तुम्ही २०१२ साली केलं होतं. त्यांना त्यातलं काहीतरी हवं आहे.
५. तुम्ही तो जुना प्रोजेक्ट नवीन व्हर्जनमध्ये उघडला. नव्या स्वरूपात बदलू का, असं त्याने विचारलं. तुम्ही न वाचता हो केलं.
६. प्रोजेक्ट उघडला, पण सगळ्या क्लिप लाल. चित्र नाही, आवाज नाही.
७. मुन्ना म्हणाला, जुनं नव्यात चालत नाही, हार्ड डिस्क फॉरमॅट करून मोकळे व्हा.
८. तुम्ही मला फोन केला.

सातव्या मुद्द्याबद्दल एवढंच सांगते: करू नका. मुन्नाला नाही म्हणणं जमत नसेल तर माझं नाव सांगा.

पाचव्याची फार काळजी करू नका. असं सॉफ्टवेअर बहुधा बदललेली प्रत वेगळ्या नावाने ठेवतं आणि जुन्या फाइलला हात लावत नाही. नवीन व्हर्जन बाजारात जाण्याआधी ते जुन्या फायलींवर चालवून कुठे मोडतं ते शोधणं, हेच माझं इथलं काम आहे. त्यामुळे हा अंदाज नुसता धीर देण्यासाठी नाही.

हे सगळं फोनवर का नाही, असं तुम्ही विचारलंत. फोनवर मी 'थांबा' म्हणेपर्यंत तुमचं बोट बटणावर पडलेलं असतं. दुकानातलं नेट मोबाइलवरचं, त्यावरून मला इथे बसून तुमचा संगणक चालवता येत नाही. आणि हार्ड डिस्क तुम्ही पार्सलने पाठवणार नाही, हे तुम्ही मी विचारायच्या आधीच सांगितलंत. कागद हातात असला की माणूस निदान शेवटपर्यंत वाचतो. तेव्हा पत्र पूर्ण वाचून झाल्याशिवाय संगणक सुरू करू नका.

मला हे कळवा. लाल क्लिपवर टिचकी मारल्यावर जी सूचना येते ती जशीच्या तशी लिहून पाठवा. अंजूताईंचं मूळ शूटिंग ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचं नावही तसंच, एकही अक्षर न गाळता. तेव्हाच्या कॅसेट आहेत का? आणि त्यांना नेमकं काय हवं आहे? 'लय महत्त्वाचं हाये' यावरून मला शोधता येणार नाही.

काकूंना नमस्कार.

योगिनी


मालेगाव
१५/२/२५

चि. योगिनी, अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र भेटलं. तुह्या काकूनं वाचलं अन् म्हणे, पोरीनं काकाले पत्र लिहिलं का ठाण्यात जबाब देला? कशी हायेस ते नाई, जेवन जाते का ते नाई, निरा एक दोन तीन चार. मी म्हटलं, जगदेवची पोरगी हाये, तो बी असाच होता. इचारलं तेवढंच बोले.

आता तुह्या सवालायचे जवाब.

लाल क्लिपवर सूचना येते का, फाइल सापडत नाही, अन् त्याखाली पत्ता येते: ई ड्राइव्ह, शूटिंग, अंजू राठोड, ढावलो. फोल्डर मी ई ड्राइव्हमंधी जाऊन पाह्यलं. त्याचं नाव 'अंजू राठोड दिलं'. आत सगळ्या क्लिपा हायेत, मी मोजल्या नाई पन भरून हाये. कॅसेटा नाईत. तवा एक लगन संगणकात उतरवलं का तेच कॅसेट पुसून दुसऱ्या लग्नात वापरो. सगळेच वापरत.

आता अंजूचं ऐक.

तांड्यावरचे उदयसिंग राठोड तुले आठवत असन. कपाशी येचाच्या टायमाले आपल्या वावरात त्यायची टोळी राहे. त्यायची बायको बेबीबाई. हे अंजू त्यायची मोठी पोरगी. बेबीबाई दिवाळीच्या आधी गेली. तापाचं निमित्त झालं, चार रोजात आटपलं. आता एप्रिलमंधी, अखजीच्या आधी, अंजूच्या धाकट्या बहिनीचं लगन हाये.

त्या बंजारा लोकायच्यात नवरी घरून निघतानी ढावलो गाते. एकेकाच्या गळ्यात पडून गाते. गानं म्हनावं त रडनं, रडनं म्हनावं त गानं. पोरीले हे घरच्या बायाच शिकवतात. अंजूले तिच्या मायनं शिकवलं होतं, अन् तिच्या लग्नात माय सोताच तिच्यासंग गायली, पोरीले कवटाळून. सारा तांडा रडत होता. आता धाकटीले शिकवाले मायच नाई. अंजू म्हणे, "काका, मले अर्धंच येते. पुढचं फक्त याडीले येत होतं." याडी म्हंजे माय.

मी म्हटलं, तुही सीडी हाये ना? त म्हणे, "हाये. पन तिच्यात याडीचं तोंड हलते अन् आवाज दुसऱ्याच बाईचा येते."

खरं हाये तिचं. मिक्सिंग करतानी तवा रडाचा आवाज मारून टाको अन् वरून पिच्चरमधलं बिदाईचं गानं टाको. गिऱ्हाइकच म्हणे, काका, चांगलं गानं टाका. तिले त्या गान्याच्या खालचा आवाज पाह्यजे. हेच तिचं काम. धाकटी लग्नात मुकी उभी राहू नये, एवढंच.

अजून एक सांगून ठेवतो. त्या ढावलोच्या मंधात चित्र कायं आलं. तुहा बाप लाइट धरून होता. लग्नसराईत तोच धरे, दुसऱ्यावर माहा भरोसा नव्हता. पन तिथं त्यानं कायले हलवली काय मालूम, एकदम अंधारी आली. मी त्यावर गुलाबाच्या पाकळ्या पाडल्या अन् झाकलं. तेवढं पाहून घेजो.

तुहा काका
भागवत

ता. क. काकू इचारते, तू दिवाळीले दोनच रोज राह्यली, आता कवा येतेस?


पुणे
२० फेब्रुवारी २०२५

ती. काका,
सा. नमस्कार.

उत्तरं व्यवस्थित आहेत. त्यातूनच कारण सापडलं.

प्रोजेक्टच्या फाइलमध्ये चित्र नसतं आणि आवाजही नसतो. कोणती क्लिप कुठून घ्यायची, कुठे कापायची, तिच्यावर कोणतं गाणं लावायचं, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. ती क्लिप शोधत 'अंजू राठोड' या फोल्डरकडे जाते. तुमच्याकडे त्या नावाचं फोल्डर नाही. 'अंजू राठोड दिलं' आहे.

माझा तर्क असा: गिऱ्हाइकाला सीडी दिली की तुम्ही फोल्डरच्या नावापुढे 'दिलं' लिहीत असाल. सीडी दिल्यानंतर तो प्रोजेक्ट पुन्हा उघडायची वेळ तुमच्यावर कधी आली नाही, म्हणून इतकी वर्षं हे लक्षात आलं नाही. क्लिप लाल दिसण्यात नव्या व्हर्जनचा दोष नाही. जुन्यातही हेच झालं असतं. मुन्नाला हे सांगायला हरकत नाही.

पुढचं असं करा. सॉफ्टवेअर बंद असू द्या. फोल्डरच्या नावातून 'दिलं' आणि त्याच्या आधीची मोकळी जागा काढा. मग सॉफ्टवेअर सुरू करून जुन्या तारखेची प्रोजेक्ट फाइल उघडा, या महिन्यात बनलेली नको. बदलू का विचारलं तर या वेळी वाचा आणि मग हो करा. काही सेव्ह करू नका. ढावलोच्या ठिकाणी जाऊन वरच्या पट्टीतलं सिनेमाचं गाणं बंद करा, खालच्या पट्टीतला मूळ आवाज सुरू करा, आणि काय ऐकू येतं ते लिहा.

'दिलं' काढलं तर कोणाची सीडी द्यायची राहिली ते कसं कळणार, असं तुम्ही म्हणाल. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

बेबीबाई गेल्याचं वाचून वाईट वाटलं. त्या मला आठवतात. कपाशी वेचताना माझ्या ओटीत बोंडं टाकून 'ही तुझी' म्हणायच्या.

लाइटबद्दल लिहिलंत ते वाचलं.

योगिनी

ता. क. काकूंना सांगा, सध्या सुट्टीचं काही ठरलेलं नाही.


मालेगाव
२६/२/२५

चि. योगिनी, आशीर्वाद.

चित्र आलं! एकही लाल नाई. 'दिलं' काढलं अन् सारे वऱ्हाडी आपआपल्या जागी येऊन बसले. मुन्ना अथीच होता. मी त्याले म्हटलं, "काय रे, तू त डिस्कच धुवून काढत होता!" त म्हणे, "काका, तुमची पुतनी लय डेंजर हाये." मी म्हटलं, हाये.

पन आवाज नाई.

तू सांगतलं तसंच केलं. गानं बंद केलं, खालची पट्टी चालू केली. खाली सपाट रेघ. मुन्नानं मूळ क्लिप सॉफ्टवेअरच्या भाईर, साध्या प्लेअरवर लावून पाह्यली. तिथं बी मुकी. मुन्ना म्हणे, "काका, तुमी तवाच आवाज मारला असन, अन् तो मुळातूनच मेला." मले तेच खरं वाटते. मीच मारला.

अंजू येऊन बसली होती. मी तिले बोलावलं नव्हतं, बाजाराले आलती अन् दुकानात डोकावली. चित्र चालू होतं. मी बंद कराले गेलो त म्हणे, "राहू द्या काका." मंग खुर्ची वढून पडद्याच्या पुढंच बसली. तुहा काका इतके वर्ष लग्नं दाखवून राह्यला लोकायले, पन असं पाह्यतानी मी कोनाले पाह्यलं नाई. मायच्या तोंडाकडं पाहून आपलेच होट हलवून पाहे. जमेना. मंग म्हणे, "काका, तोंडावरून नाई ओयखू येत का हो? मुके लोकं ओयखतात म्हने."

मी म्हटलं, चहा घे.

चहा घेतला तिनं. जातानी म्हणे, "मंग नाई म्हना ना. मी तांड्यावर दुसऱ्या कोन्या बाईले इचारतो. पन दर घरचा ढावलो येगळा राह्यते काका, तेवढं सांगून ठेवतो." अन् गेली. तिच्यात राग नव्हता, हेच जास्त लागलं.

आता तू सांग, खरंच नाई ना? नाई असन त तसं लिही. मी तिले तोंडावर सांगतो. लटकावून ठेवनं बरं नाई.

भागवत


पुणे
३ मार्च २०२५

ती. काका,

'नाही' असं मी अजून लिहू शकत नाही. तुम्हीही अंजूताईंना ते सांगू नका.

तुम्ही आवाज 'मारला' तो प्रोजेक्टमध्ये. म्हणजे ही क्लिप वाजवताना आवाज बंद ठेव, असं लिहून ठेवलं. मूळ क्लिपला त्याने काही होत नाही. मुळातून काही मेलेलं नाही, निदान तुमच्या हातून तरी नाही. हे मुन्नाच्या म्हणण्यावर सोडू नका.

मग आवाज का नाही? दोन शक्यता आहेत. एक, त्या दिवशी कॅमेऱ्याने आवाज घेतलाच नाही. पण तुम्ही 'रडण्याचा आवाज मारून टाको' असं लिहिलंत, म्हणजे मिक्सिंगच्या वेळी तुम्हाला तो ऐकू येत होता. दुसरी शक्यता अशी की आवाज आहे, पण नव्या व्हर्जनला तो दिसत नाही. साध्या प्लेअरवर ऐकू आला नाही, त्याचंही कारण तेच असू शकतं. दुसरी शक्यता मला जास्त वाटते. पण मूळ फाइल पाहिल्याशिवाय मी ते ठरवणार नाही.

हार्ड डिस्क नको. फक्त ढावलोची मूळ क्लिप एका नव्या पेन ड्राइव्हवर कॉपी करून स्पीड पोस्टाने पाठवा. कॉपी करा, 'कट' नको. सॉफ्टवेअरमधून काढून देऊ नका, फोल्डरमधूनच उचला. मुन्नाला क्लिप साफ करू देऊ नका. त्यातली खरखर, गोंगाट, काहीही असो, जशी आहे तशी हवी.

अंजूताईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर: ओठ वाचून शब्द थोडेफार कळतात, चाल कळत नाही. तुम्ही चहा दिलात ते बरोबर केलंत.

योगिनी


मालेगाव
८/३/२५

चि. योगिनी,

पेन ड्राइव्ह धाडला. कॉपी केली हाये, कट नाई. तुह्या काकूनं त्याले हळद-कुंकू लावलं, मी पुसून टाकलं. म्हटलं, आत गेलं त पोरगी पुन्हा एक दोन तीन लिहिन. संग गूळपट्टी हाये, काकूनं केलेली. ते आधी काढून घेजो.

तांड्यावर आता होळीची गडबड. अंजूनं सांगून धाडलं का, होळीत बाया जमतात, तवा कोनाले येत असन त पाहून घेते. म्हंजे ते 'नाई' ऐकाची तयारी करून राह्यली.

तू म्हणतेस माह्या हातून मेला नाई. पाहू.

भागवत


पुणे
१७ मार्च २०२५

ती. काका,
सा. नमस्कार.

आवाज आहे.

कारण असं. कॅसेट संगणकात उतरवण्याच्या तेव्हा दोन पद्धती होत्या. एकीत चित्र एका डब्यात आणि आवाज वेगळ्या डब्यात जायचा. दुसरीत आवाज चित्राच्याच डब्यात राहायचा. तुमची क्लिप दुसऱ्या पद्धतीची आहे. जुनं व्हर्जन चित्राचा डबा उघडून आतला आवाज काढून घेत असे. नवीन फक्त वेगळा डबा शोधतं, तो नसला की आवाज नाही असं ठरवतं. हा दोष मात्र नव्या व्हर्जनचा आहे, तुमचा नाही. एका लहान फुकट प्रोग्रामने मी आवाज बाहेर काढून वेगळा केला. पेन ड्राइव्ह परत पाठवते आहे. त्यातली पहिली फाइल मोबाइलवरही वाजेल.

बेबीबाईंचा ढावलो सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे. मला त्यांची गोरबोली येत नाही, म्हणून शब्द नीट ऐकू येतात की नाही ते मी तपासू शकले नाही. 'याडी' तेवढं कळलं. ते अंजूताईंनाच ऐकून सांगावं लागेल.

एक अडचण आहे. कॅमेऱ्याच्या माइकला जवळचा आवाज आधी ऐकू येतो, आणि सगळ्यांत जवळ तुम्ही दोघं होतात. मधेच एका ठिकाणी तुमचं बोलणं बेबीबाईंच्या आवाजावर आलं आहे. ते असं:

लाइट धरणारे: भागवत, मी लाइट खाली घेतो.
तुम्ही: काहून? सगळं कायं येईन!
लाइट धरणारे: येऊ दे. तिच्या डोयात जाऊन राह्यली. माय हाये ते, रडू दे तिले मोकयं.
तुम्ही: अन् गिऱ्हाइक माह्या डोक्यावर बसन त?
लाइट धरणारे: त मले काढून टाक तुह्या सीडीतून.

यानंतर चित्र अंधारतं. तुम्ही पाकळ्या टाकलेली जागा हीच.

आवाजाबद्दल एक नोंद. लाइट असेपर्यंत बेबीबाई दबक्या आवाजात गातात. तो खाली गेल्यावर त्यांचा आवाज मोठा होतो, आणि तिथून पुढे शेवटपर्यंत तसाच राहतो. आलेख काढून पाहिला, ऐकण्याचा भास नाही.

दुसरी फाइल मी तुमचं बोलणं दाबून केली आहे. बोलणं जवळजवळ जातं, पण त्याच्याबरोबर त्या ठिकाणी बेबीबाईंचा आवाजही पातळ होतो. दोन्ही एकमेकांत असे मिसळले आहेत की एक काढला तर दुसऱ्याला धक्का लागतो. यापेक्षा चांगलं मला जमलं नाही.

कोणती ठेवायची ते अंजूताईंनी ठरवावं. दोन्ही ऐकवा. माझं मत विचारू नका.

गूळपट्टी मिळाली.

योगिनी


मालेगाव
२५/३/२५

चि. योगिनी, अनेक अनेक आशीर्वाद.

मी दुकानात लावलं नाई. म्हटलं, हे ज्याचं हाये त्यानं आधी ऐकावं. मोटरसायकल काढली अन् तांड्यावर गेलो. तुही काकू मांगं बसली. तिले नाई म्हनाची माही हिंमत नाई.

अंजूच्या घरी उदयसिंग भाईर बाजीवर बसले होते. अंजू भाकरी टाकत होती. मी मुन्नाकडून आनलेला लहान स्पीकर काढला त अंजू म्हणे, "काका, हे कायले? तुमी त नाई म्हटलं होतं." मी म्हटलं, "मी कवा नाई म्हटलं? चहा घे म्हटलं होतं."

लावलं.

योगिनी, मी इतके लग्नं शूट केले पोरी. शूटिंग करतानी मानूस काई ऐकत नाई, नुसतं पाह्यते. मी त्या दिवशी तिथंच उभा होतो, दोन हातावर, अन् बेबीबाईले मी आता पह्यल्यांदा ऐकलं. तव्यावरची भाकर जळाली, कोनी उतरवली नाई. उदयसिंग बाजीवरून उठले अन् भिताडाकडं तोंड करून उभे राह्यले. धाकटी आतून आली अन् उंबऱ्यातच बसली. शेजारच्या बाया आल्या. एक म्हातारी मंधातच संग गाऊ लागली त अंजू तिच्यावर ओरडली, "चूप राय वो, याडीले गाऊ दे!"

मंग आपलं बोलनं आलं. त्याचा आवाज आला. मले कोनी सांगतलं नसतं तरी मी अंधारात ओयखला असता. तुही काकू पदर तोंडात घालून बसली. मी त्याच्यावर त्या दिवशी लय चिडलो होतो, घरी येतवर बोललो नाई. लाइट काहून हलवली म्हनून. अन् त्यानं त सांगतलं होतं! मी ऐकलंच नाई.

संपल्यावर मी अंजूले दुसरी फाइल ऐकवली, तू सांगतली होती म्हनून. अर्ध्यातच म्हणे, बंद करा. म्हणे, "हे पहिले भाऊ कोन? लाइटवाले?" मी म्हटलं, माहा मोठा भाऊ, जगदेव. आता नाई तो. त म्हणे, "मले आठवते काका. लाइट डोयात येत होती अन् याडी लाजत होती, पदर वढून वढून गात होती. मंग अंधार झाला अन् याडीनं मले पोटाशी घेतलं. मले वाटलं लाइन गेली." मंग म्हणे, "त्यायले काढू नोका. त्यायच्यामुळंच त याडी मोकळी गायली. ते राहू द्या तिच्यासंग."

त पहिली ठेवली. अंजूनं मोबाइलमंधी घेतली, धाकटीनं बी घेतली. परवा बाजारात भेटली त म्हणे, धाकटीचं अर्धं पाठ झालं, पन तुमचं दोघायचं भांडन बी पाठ झालं, तिथं आलं का हासते. म्हातारी तिले म्हणते, लग्नात हासशीन त मार खाशीन.

आता एक तुले इचारतो. पत्रात तू 'लाइट धरणारे' लिहिलं. तीनदा. तुही काकू म्हणे, पोरीनं हे किती खेपा ऐकलं असन? मी म्हटलं, तिले इचारू नोको. पन लिहितानी इचारूनच टाकलं.

आमच्यापाशी त्याचे फोटो हायेत दोन-चार. आवाज कोनापाशीच नव्हता. त्याले मोबाइल हातात धराचा बी कंटाळा. तुले मालूमच हाये.

तुहा काका
भागवत


पुणे
२९ मार्च २०२५

ती. काका,
सा. नमस्कार.

अंजूताईंचं काम झालं, त्यामुळे काही गोष्टी इथेच लिहून ठेवते. पुढच्या वेळी मुन्ना नवीन व्हर्जन टाकेल तेव्हा जुनं लगेच काढू देऊ नका. दोन्ही शेजारी ठेवता येतात. जुना एखादा प्रोजेक्ट नव्यात उघडून, चित्र आणि आवाज दोन्ही आहेत अशी खात्री झाल्यावरच जुनं काढा. सिनेमाचं गाणं टाकायला माझी हरकत नाही, पण मूळ आवाजाची एक प्रत वेगळी ठेवा. अंजूताईंच्या फोल्डरच्या नावापुढे आता 'दिलं' लावलं तरी चालेल.

धाकटीला सांगा, हसू आलं तर येऊ दे. मलाही त्या ठिकाणी येतं.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर: मी मोजलं नाही.

लग्नसराईत बाबा तुमच्याबरोबर लाइट धरायला यायचे, ती लग्नं कोणती, आणि त्यांपैकी कोणाकोणाच्या मूळ क्लिप हार्ड डिस्कवर आहेत, ते मला कळवा. तुम्हाला नक्की आठवत नसेल तर काकूंना विचारा. बाबा कोणत्या लग्नाहून किती वाजता घरी आले हे त्यांना माहीत असेल, त्यांचं ताट त्या झाकून ठेवायच्या. कोणतीही क्लिप उघडू नका, कोणत्याही फोल्डरचं नाव बदलू नका. मी स्वतः येऊन पाहणार आहे. लग्नं किती आहेत त्यावर किती दिवसांची रजा टाकायची ते ठरेल.

कृपया शनिवार, ५ एप्रिलपर्यंत उत्तर पाठवा.

योगिनी